एसुईराला गेलेला डबा

माझ्या आईने आयुष्यात कुणाचंही भांडं रिकामं परत केलेलं नाही, आणि तिच्या या एका खोडीपायी आमचं सगळं कुटुंब थेट मोरोक्कोला जाऊन धडकलं. लोक सुंदर सुंदर फोटो बघून सहलीला जातात, आम्ही एका ताटामुळे गेलो. हे मी कुणाला सांगितलं की लोकांना वाटतं, ही पदरचं घालून सांगतेय. म्हणून एकदाचं सगळं लिहूनच काढते.

तेव्हा आम्ही अबुधाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीत राहायचो. भलीमोठी व्हिला होती, पण घरमालकाने मध्ये पातळ भिंती घालून तिचे तुकडे पाडलेले, आणि त्यातला एक तुकडा आमचा. पलीकडे कुणी मिक्सर लावला की आमच्या कपाटातले कप नाचायचे. बाबा शेजारच्या मुसफ्फाला, कारखान्यांच्या वस्तीत, एका फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये मॅनेजर होते. संध्याकाळी घरी आले की लोखंडाचा वास त्यांच्या आधी दारातून आत यायचा. जगातली कुठलीही वस्तू दिसली की ती कुणी वेल्ड केली असेल आणि किती वर्षांत गंजेल, एवढंच त्यांना सुचायचं. मी त्या वर्षी बारावीला होते, आईशी मराठीत भांडण सुरू करायची आणि इंग्रजीत संपवायची. दर जुलैला पुण्याला जायचं, काकांच्या दिवाणखान्यात गादी टाकून झोपायचं आणि परत येताना मेतकूट-कुळथाच्या पिठाने बॅग फुगवून आणायची, ही आमची सुट्टी.

पलीकडच्या तुकड्यात फातिहा राहायला आली. पस्तिशीची, उंच, खणखणीत आवाजाची मोरोक्कन बाई, मुसफ्फातल्याच एका लेडीज सलूनमध्ये काम करायची. सलूनमध्ये सगळ्या मुली आपल्याकडच्या, त्यामुळे ती बऱ्यापैकी हिंदी बोलायची, म्हणजे गल्फमध्ये चालतं तसलं हिंदी, ज्यात सगळं जग पुल्लिंगी असतं. पहिल्याच शुक्रवारी दुपारी तिने दार वाजवलं आणि निळ्या नक्षीचं एक मातीचं ताट आईच्या हातात ठेवलं. त्यावर कुसकुसचा डोंगर, डोंगरावर भोपळा, गाजर, कोबी आणि काबुली चणे. "शुक्रवार को हमारा मुलुक में सब के घर बनता है. खाओ, शैला हबीबी!" म्हणाली आणि निघून गेली. आईने एक घास खाल्ला, डोळे मिटले आणि निकाल दिला, "जाड रव्याचा सांजा आहे गं. फक्त फोडणी विसरलीय बिचारी."

ताट रिकामं कसं परत करायचं? रविवारी त्यात साबुदाण्याची खिचडी गेली. आता दुर्दैव असं, की फातिहाच्या गावालाही भांडं रिकामं परत करत नाहीत. मंगळवारी ताट परत आलं, वर घडीच्या पोळीसारख्या दिसणाऱ्या चौकोनी, तुपकट पोळ्या. आईने पुरणपोळ्या धाडल्या. तिकडून मधात बुडवलेल्या, गुलाबाच्या आकाराच्या शंकरपाळ्या आल्या. आईने अनारसे केले, जे तिने सासूसाठीसुद्धा कधी केले नव्हते. महिनाभरात दोघींच्या नाकी नऊ आले. माघार मात्र कुणी घेईना. ऑफिसातून दमून येऊन आई ओट्याशी उभी राहायची आणि कणीक तिंबता तिंबता म्हणायची, "मेलं ते ताट एकदाचं फुटू दे." मी म्हणायची, "आई, जस्ट गिव्ह इट बॅक एम्प्टी!" त्यावर ती माझ्याकडे अशी बघायची, जणू मी तिला चोरी करायला सांगितलंय.

रमझानमध्ये फातिहाने ताटभर खमंग पीठ आणून दिलं. भाजलेली कणीक, बदाम, तीळ, बडीशेप, मध आणि लोणी, त्याला त्यांच्याकडे सेल्लू म्हणतात आणि ते तसंच ढीग करून चमच्याने खातात. आम्हाला काय ठाऊक? आईला वाटलं, दिवसभर उपास करून बाईच्या अंगात त्राण उरलं नाही, म्हणून लाडू वळायचे राहिले. तिचं मन भरून आलं. तिने तिथेच बैठक मारली, सगळ्या पिठाचे लाडू वळले, प्रत्येकावर एकेक बेदाणा टोचला आणि अर्धे लाडू फातिहाला परत नेऊन दिले. "वळून आणलेत गं," म्हणाली चक्क मराठीत. फातिहा ताटाकडे बघत राहिली. मग इतकी हसली, इतकी हसली, की भिंतीला कान न लावताही आम्हाला अर्धा तास ऐकू येत होतं. त्या दिवसापासून ती आमच्या घरचीच झाली. लाडू खाताना आई मात्र हळूच मला म्हणाली होती, "चव झकास आहे, पण तीळ जरा पुढे गेलेत. करपट लागतंय." आईची जीभ ही अशी. तिच्यापुढे अजूनही मी वरण करायला घाबरते, आणि आता माझी स्वतःची मुलगी शाळेत जाते.

फातिहा संध्याकाळी चहाला यायची आणि तिच्या गावाबद्दल बोलायची. एसुईरा, मोरोक्कोच्या अटलांटिक किनाऱ्यावरचं जुनं बंदर. समुद्रात पाय सोडून बसलेला तट, त्यावर रांगेने पितळी तोफा, पांढऱ्या भिंती, निळी दारं, निळ्या होड्या, आणि बंदरावर माणसांपेक्षा जास्त समुद्रपक्षी. आणि वारा. "इधर एसी है, उधर अल्ला का एसी है. फुकट!" म्हणायची. इतकं भरभरून बोलायची आणि मग कप खाली ठेवून म्हणायची, "लेकिन हम कभी नहीं जाएगा." कारण तिने एकदा सांगितलं, मग पुन्हा कधी काढलं नाही. गल्फला यायचं ठरवलं तेव्हा तिच्या आईशी कडाक्याचं भांडण झालं. आई म्हणाली, जायचं तर जा, पुन्हा हे दार वाजवू नकोस. ही म्हणाली, नाही वाजवणार. आणि दोघींनी शब्द पाळला. वर्षं लोटली, फोन नाही, काही नाही. म्हातारीची खबर भावाकडून कळायची, तीही हिने विचारली नाही असं दाखवून. "मेरा अम्मा पत्थर है," फातिहा म्हणायची. "और मैं उसका बेटी." हे सांगताना ती हसायची, पण हात बशी फिरवत राहायचे. तिला घरी जायचं होतं हो, जीव तुटत होता तिचा. पण दार वाजवायचं कोणत्या तोंडाने?

बारावीचा निकाल बरा लागला आणि बाबा खुशीत म्हणाले, "बोल गौरी, कुठे जायचं? यंदा पुणे कॅन्सल." मी तोंड उघडून "पॅरिस" म्हणेपर्यंत आई म्हणाली, "एसुईरा." बाबांना काही कळेना. "काय आहे तिथे?" "वारा आहे," आई म्हणाली. बाहेर शेहेचाळीस डिग्री होतं आणि आमच्या एसीतून पाणी गळत होतं, त्यामुळे हा मुद्दा तसा बिनतोड होता. तरी बाबांनी खिंड लढवली. "अगं, बंदरच बघायचं तर खोर फक्कानला चल ना! सकाळी निघालं की रात्री घरी. क्रेन आहेत, कंटेनर आहेत, मागे डोंगर आहे. आणखी काय पाहिजे माणसाला?" बाबांना खोर फक्कानच्या क्रेनइतकं सुंदर जगात काही वाटत नव्हतं. पण आईने एकदा ठरवलं की खलास.

निघायच्या आदल्या दिवशी फातिहा सेल्लूचं ताट घेऊन आली, प्रवासात खायला. आणि आईचा हात धरून म्हणाली, "सब देखो. लेकिन मेरा अम्मा के पास मत जाना. दरवाजा नहीं खोलेगा, तुम्हारा बेइज्जती हो जाएगा." आई म्हणाली, "छे छे, हम क्यों जाएंगे?" मग आईने नेहमीप्रमाणे सेल्लूचे लाडू वळले आणि स्टीलच्या डब्यात खाली ते व वर स्वतःचे बेसनाचे असे थर लावले. डबा तिच्या लग्नातला, झाकणावर नाव कोरलेलं, 'चि. सौ. कां. शैला हिस मावशीकडून सप्रेम भेट'. हा डबा आमच्याआधी इमिग्रेशनमधून पार झाला असता, इतका त्याने प्रवास केलेला.

आता त्या सहलीबद्दल काय सांगू! विमानाने कासाब्लांका, तिथून मराकेश, आणि मराकेशहून टॅक्सीने एसुईरा. वाटेत एका झाडावर बकऱ्या चढलेल्या दिसल्या. खोटं नाही, खऱ्या बकऱ्या, अर्गनच्या काटेरी झाडाच्या शेंड्यावर उभ्या राहून निवांत फळं खात होत्या. मी किंचाळले, आईने नमस्कार केला, आणि बाबा म्हणाले, "एवढ्या उंचीवर विदाउट हार्नेस! आमच्याकडे वर्कशॉप बंद केलं असतं." गावात पोचून टॅक्सीतून उतरलो आणि वाऱ्याने आईची ओढणी जी उडवली ती एका खजूरवाल्याच्या गाडीवर जाऊन पडली. थंडी, अहो, जुलैमध्ये थंडी! आमच्यापैकी कुणाकडे स्वेटर नव्हता. अबुधाबीला राहून स्वेटर कोण घेतं? बाबांच्या बॅगेत तेवढं कंपनीचं जाकीट निघालं, भडक नारिंगी, पाठीवर चमकणारे पट्टे. ते घालून बाबा बंदरावर फिरायला लागले आणि कोळी लोक घाईघाईने जाळी आवरून घ्यायला लागले. त्यांना वाटलं, तपासणीला साहेब आला. बाबांनीही निराश केलं नाही. होडीहोडीपाशी थांबून गंज बघितला, मान हलवली आणि पुढे गेले.

गाव फातिहाने सांगितलं होतं अगदी तसंच होतं, आणि मला ते इतकं आवडलं की मी पॅरिस विसरून गेले. तटावर उभं राहिलं की खाली लाटा फुटायच्या आणि तोंडावर खारं पाणी यायचं. बाबांनी तोफांवर टिचक्या मारून ओतकाम पास केलं. तटाच्या पोटातल्या कमानींमध्ये लाकूडकामाची दुकानं, तिथे थुया नावाच्या तिकडच्या झाडाच्या लाकडाचा असा वास की पाय निघेना. बंदराशी ताजी मासळी समोर भाजून द्यायचे. आई शाकाहारी, ती पाव, टोमॅटो आणि ऑलिव्ह खात बसायची, नि पक्षी माझ्या ताटावर डोळा ठेवून. किनाऱ्यावर उंट होते. ते बघून बाबा म्हणाले, "उंट बघायला अबुधाबीहून आलो आपण." एका दुकानात लाकडी पेटीची किंमत त्यांनी दिऱ्हॅममध्ये ऐकली, सवयीने मोठ्याने रुपये केले आणि मटकन स्टुलावर बसले. मोरोक्कोचा दिऱ्हॅम वेगळा, आपल्या अबुधाबीच्या दिऱ्हॅमहून बराच स्वस्त, हे मी समजावल्यावर त्यांनी आनंदाने दोन पेट्या घेतल्या. माझं शाळेतलं अरबी तिथे काडीच्या कामाचं नव्हतं. मी पुस्तकातलं शुद्ध वाक्य बोलले की लोक आदराने ऐकायचे आणि फ्रेंचमध्ये उत्तर द्यायचे.

शेवटच्या दिवशी दुपारी आई म्हणाली, "चला, जरा पाय मोकळे करू." आणि पाय मोकळे करता करता ती लाकूडकामाच्या गल्लीत शिरली, पावाच्या भट्टीपाशी वळली, आणि फातिहाने चहाच्या गप्पांत सांगितलेल्या, हाताच्या आकाराची पितळी कडी असलेल्या निळ्या दारासमोर थांबली. हातात डबा. "आई, यू प्रॉमिस्ड!" मी म्हणाले. "मी मुद्दाम कुठे आलेय? वाटेत लागलं," असं म्हणत आईने कडी वाजवली. आतून शिव्यांसारखं काहीतरी ऐकू आलं आणि दार फटीएवढं उघडलं. फटीत एक सुरकुतलेला चेहरा. या लल्ला झोहरा, म्हणजे आपल्याकडच्या झोहराबाई, फातिहाच्या आई. त्यांनी आम्हाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, बाबांच्या जाकिटावर थोडा वेळ थांबल्या आणि काहीतरी ओरडल्या. समोरच्या दुकानातले हसनचाचा पर्यटकांशी बोलून बोलून इंग्रजी शिकलेले होते, ते धावत आले. म्हणाले, "ती म्हणतेय, यायचं तर आत या, नाहीतर जा, पण दार लावा. वारा शिरतोय."

आम्ही आत गेलो. पुदिन्याचा चहा झाला. आईने फातिहाचं नावही काढलं नाही. नुसता डबा पुढे केला, झाकण उघडलं. वरचा बेसनाचा थर गायब, फक्त बेदाणा टोचलेले सेल्लूचे लाडू. आईने बाबांकडे जळजळीत नजरेने पाहिलं. "सगळे खाल्लेत?" "अगं, मी दोनच खाल्ले!" बाबा म्हणाले. "असू दे," असं म्हणून आई हसनचाचांना म्हणाली, "टेल हर, इंडियन स्वीट." लल्ला झोहरांनी एक लाडू उचलला, संशयाने हुंगला, बेदाणा काढून बाजूला ठेवला आणि एक तुकडा तोंडात टाकला. त्यांचं चघळणं थांबलं. वाऱ्याने तावदानं वाजत होती. मला वाटलं, आता आपल्याला हाकलणार. बाबा तर उठायच्या तयारीत होते. म्हातारीने आणखी एक तुकडा घेतला, अगदी हळू चावला, आणि एकच शब्द म्हणाली, "महरूक." हसनचाचा गोंधळून म्हणाले, "ती म्हणतेय, करपलेत. म्हणतेय, तीळ करपवलेत. ती नेहमीच करपवते."

'ती' म्हणजे कोण, हे कुणी विचारलं नाही. लल्ला झोहरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या तो करपट लाडू खात होत्या, एक संपवून दुसरा. आईही रडायला लागली. मी तर काय, मी आधीच सुरुवात केली होती. बाबा खिडकीची बिजागरी तपासत राहिले. मग म्हातारी उठली, आतल्या खोलीतून एक मोठी बरणी आणली, आईचा डबा पुसून स्वच्छ केला आणि स्वतःच्या हाताने केलेल्या सेल्लूने काठोकाठ भरला. झाकण लावून वर दोनदा थापटलं. निरोप एवढाच, "तिला सांगा, तीळ असे भाजतात."

अबुधाबीला पोचल्या पोचल्या आईने डबा फातिहासमोर ठेवला आणि निरोप शब्दशः सांगितला. फातिहाचा चेहरा लालबुंद झाला. "मैंने बोला था मत जाना! और मेरा तिल कभी नहीं जलता!" असं ओरडली, झाकण उघडलं, एक चमचा खाल्ला, आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकून लहान पोरीसारखी हुंदके द्यायला लागली. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. त्याच संध्याकाळी बॅग रिकामी करताना मला तळाशी फॉइलमध्ये नीट गुंडाळलेले बेसनाचे लाडू सापडले. मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "बाबांना सांगू नकोस." बाबांना अजून सांगितलेलं नाही. आता दोघं पुण्याला असतात, आणि आईने हा विषय काढला की ते आजही तावातावाने म्हणतात, मी दोनच खाल्ले होते.

पुढे काही दिवसांनी फातिहा रिकामा डबा धुऊन परत द्यायला आली. आईने घेतलाच नाही. "डबा माझा असेल, पण त्यात आलं ते तुझ्या अम्माकडून आलं. मग डबा तिला जाणार. भरून." "कुरियर से भेजेगा," फातिहा म्हणाली. "कुरियरने डबा परत करतात होय?" आई म्हणाली. बिचारी डबा घेऊन परत गेली आणि तो तिच्या फ्रिजवर जाऊन बसला. आई तिकडे गेली की फक्त फ्रिजवर बघायची. मग एक दिवस भिंतीपलीकडून तीळ भाजल्याचा वास आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. व्हिलाभर तिळाचा वास भरून राहिला. फातिहा वाटीत नमुना घेऊन यायची, आई चाखायची. "पुढे गेले." "कच्चे राहिले." "आच कमी कर, बाई, यल्ला यल्ला करून घाई करू नकोस." घरात आम्हाला तिळाशिवाय काही मिळेना, बाबा चहात साखर आहे का तीळ हे बघून प्यायला लागले. आणि एका शुक्रवारी आईने वाटी चाखली, पुन्हा चाखली, म्हणाली, "झाले." फातिहा घाबरून गेली. इतके दिवस तिच्याकडे न जायला कारण होतं, तेच संपलं. "दरवाजा नहीं खोला तो?" तिने विचारलं. आई म्हणाली, "डब्याला तरी उघडेल."

फातिहा गेली. विमान पोचलं असेल, टॅक्सी मिळाली असेल, ती बकऱ्यांची झाडं मागे पडली असतील, असं आई दिवसभर घड्याळाकडे बघत बडबडत होती. संध्याकाळी फोन आला. आईने स्पीकर लावला आणि फोन ओट्यावर ठेवला. आधी नुसता वारा, मग पक्ष्यांचा कलकलाट, मग फातिहाचा श्वास. तिने आम्हाला काही सांगितलंच नाही, फोन चालू ठेवून सरळ कडी वाजवली. दार करकरलं. मग स्टीलचं झाकण उघडल्याचा आवाज आला, तो आवाज आई कुठेही ओळखेल. बराच वेळ कुणीतरी चघळत होतं. आणि मग ती म्हातारी ठणठणीत आवाजात म्हणाली, "महरूक!" त्यापाठोपाठ आणखी काहीतरी, आणि लगेच दार लागल्याचा धाडकन आवाज. वारा थांबला. बाबांनी फोनचा आवाज वाढवला. दार लागलं, पण ही आत की बाहेर?

मग फातिहाचा आवाज आला, रडत आणि हसत, एकदम जवळून. "शैला, अम्मा बोलता है, जल गया. फिर बोलता है, अंदर आ, दरवाजा बंद कर, हवा आता है."

बाबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. आईने डोळ्यांना ओढणी लावली, नाक ओढलं, आणि फोनवर वाकून ओरडली, "करपले नव्हते हं! त्यांना सांग, मी स्वतः चाखून दिलेत!"